आर्डिसचा बोगदा

स्वयंपाकघराच्या खिडकीला प्लास्टिक लावायचं काम अर्ध्यावर आलं होतं. ऑक्टोबर संपत आला की वर्मिलियन तळ्याकाठच्या त्या गावात घरोघरी हेच चालतं. चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, तिच्यावर पातळ प्लास्टिक ओढायचं आणि केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारून ते ढोलकीच्या पानासारखं ताठ करायचं. मग मार्चपर्यंत वारा आत येत नाही. एकट्याने करायचं काम नव्हे ते. एकाने वरचा कोपरा धरावा, दुसऱ्याने खालून ताणावं. आर्डिसचा नवरा वेन होता तेव्हा तो वर आणि आर्डिस खाली. वेनला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आर्डिस स्टुलावर चढून वरचं लावी, उतरून खालचं लावायला वाके, आणि तोवर वरचं सुटलेलं असे.

त्या सोमवारी वरची आणि डावी बाजू कशीबशी चिकटली आणि घड्याळात साडेसात वाजले. उजवी बाजू तशीच लोंबती ठेवून तिने हात पुसले. साडेसातला तिला खाली उतरायचं असे.

खाली उतरणं हा तिचा आपला शब्द. उतरायचं कुठेच नव्हतं. कामाचं टेबल शेजारच्या खोलीत, वेनच्या शिवणयंत्राच्या जागी होतं. हो, वेनच्याच. तंबू आणि होडीची आच्छादनं शिवायचा तो. पण आर्डिसचा बाप खाणीत होता, जमिनीखाली अर्धा मैल, लोखंडाच्या दगडात. त्यांच्या घरी कामावर जाणं म्हणजे खाली जाणं आणि घरी येणं म्हणजे वर येणं. बापाचा पितळी बिल्ला, त्यावर ४१८ हा आकडा, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला होता. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवर लावायचा, वर आला की काढून घ्यायचा. संध्याकाळी फळीवर बिल्ला राहिला तर माणूस खाली राहिला असं समजून शोधायला जायचं. खाण कायमची बंद झाली त्या दिवशी बाप तो खिशात घालून घरी आला, तेव्हा आर्डिस दहा वर्षांची होती.

त्याच खिळ्याला आता आणखी एक वस्तू असे. करंगळीएवढी राखाडी किल्ली, तिच्यावर सहा आकडे, आणि दर अर्ध्या मिनिटाला ते बदलत. आर्डिस ती काढी, टेबलाशी बसे, डोळे मिटून एक लहानशी प्रार्थना म्हणे, मग आधी आपला परवलीचा शब्द टाईप करी आणि त्यामागे ते सहा आकडे. पडद्याच्या कोपऱ्यात तांबडं कुलूप दिसे, ते हिरवं होई. मग ती खाली उतरलेली असे, आणि अडीच वाजेपर्यंत वर येत नसे.

काम असं होतं. दुलुथच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर जे लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा लावायचा. एकोणीस वर्षं ती हे करत होती. आधी गावच्या दवाखान्यात कागदांची खोली होती, तिथे पाच बायका बसत. डिंकाचा वास, खिडकीत जिरेनियम, आणि दहा वाजता कोणीतरी घरून आणलेल्या गोड वड्या. मग ती खोली बंद झाली, बाकीच्या चौघी निवृत्त झाल्या किंवा लेकीकडे राहायला गेल्या, आणि आर्डिसच्या घरी एक खोका आला, आत संगणक.

खोक्याबरोबर डॅरेल आला, म्हणजे त्याचा आवाज. तो दुलुथला बसून फोनवर सगळं जोडून देई. त्याने सांगितलं की कामाला बसताना दरवेळी व्हीपीएन सुरू करायचं, त्याशिवाय काही उघडणारच नाही. ते काय असतं असं आर्डिसने विचारलं. डॅरेलने दोन प्रकारे सांगून पाहिलं आणि मग म्हणाला, "असं समजा बाई, तुमच्या घरातून जी तार बाहेर जाते ती सगळ्या गावाची आहे. तिच्यावरून काय जातंय ते मधे बसलेला कोणीही बघू शकतो. व्हीपीएन म्हणजे त्याच तारेच्या आत आपण पाडलेला बोगदा. बोगदा आहे एवढं बाहेरून दिसतं, आत काय चाललंय ते नाही दिसत. आणि आतून जे जातं त्याचाही भुगा करून पाठवतो आपण. तो भुगा फक्त आमच्या दारात आल्यावर पुन्हा जुळतो. मधेच कोणी उचलला तर त्याच्या हाती भुगाच."

बोगदा म्हटल्यावर आर्डिसला एकदम कळलं. ती म्हणाली, "म्हणजे टिलीच्या आईला ऐकू जाणार नाही."

"कोणाच्या?" डॅरेल म्हणाला.

त्याला कसं ठाऊक असणार? आर्डिस लहान होती तेव्हा त्या आळीत सहा घरांत मिळून एकच फोनची तार होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी, यांची दोन लांब आणि एक आखूड. पण घंटा कोणाचीही वाजो, फोन कोणीही उचलून ऐकू शके, आणि टिलीची आई न चुकता उचले. ती श्वास धरून ऐके, तोंडातून अक्षर काढत नसे. तिचा घात करी ते तिच्या भिंतीवरचं घड्याळ, ज्यातून दर तासाला लाकडी कोकिळा दार उघडून बाहेर येई. दोन बायका आपलं सुखदुःख बोलत असताना मधेच तारेवर कुकू, कुकू, कुकू असं वाजे, आणि आर्डिसची आई म्हणे, तीन वाजले वाटतं, प्रिमोझिचबाई, कॉफी ठेवा आता.

टिली प्रिमोझिच त्या आईचीच लेक, आर्डिसच्या वयाची. लग्न होऊन गेली, नवरा वारला तशी आईच्या घरी परत आली आणि पुन्हा माहेरचंच नाव लावू लागली. दोघींच्या मागल्या दारांमधे गल्लीची रुंदी तेवढी. आर्डिसला मूल नाही, टिलीचा मुलगा अलास्कात. आर्डिस लुथरन, टिली कॅथलिक, पण रोज तीन वाजता आर्डिस गल्ली ओलांडून टिलीकडे कॉफीला जाई. कोकिळा तीनदा ओरडायच्या आत ती दारात असली पाहिजे असा टिलीचा नियम होता. दिवसाकाठी आर्डिस ज्या माणसाशी समोरासमोर बोले ते हे एकच. बाकी दिवसभर शेकडो माणसांची दुखणी तिच्या डोळ्यांखालून जात, आणि त्यांतल्या एकाचीही हकीकत ती टिलीला सांगत नसे. टिलीही विचारत नसे. फक्त म्हणे, "आलीस का वर?"

पंधरा दिवसांपूर्वी रस्ता खणणाऱ्यांनी आर्डिसच्या बाजूची तार तोडली. परवानगी काढून तिने चर्चच्या तळघरातल्या छोट्या खोलीत दार लावून काम सुरू केलं. चर्चच्या इंटरनेटचा परवलीचा शब्द तिथल्या फळ्यावरच लिहिलेला होता आणि तो कॉफी असा होता. दुसऱ्या दिवशी काही केल्या कुलूप हिरवं होईना. इंटरनेटच्या यादीत चर्चचं नाव दिसत होतं, जोडल्यावर एक पान येई, तुमचा ईमेल आणि त्याचा परवलीचा शब्द द्या म्हणे. आर्डिसने ते पान बंद केलं, तरी कुलूप तांबडं ते तांबडंच. अर्धा तास ती त्या यंत्रावर चरफडत होती. शेवटी डॅरेलला फोन केला. त्याने तपासलं आणि म्हणाला, "बाई, काही हात लावू नका. पलीकडचं दार आमचं आहे याची खूण पटल्याशिवाय बोगदा तयारच होत नाही. इथे मधे कोणीतरी वेगळा उभा आहे. तुमचं यंत्र हट्ट करत नाहीये, ते तुम्हाला वाचवतंय."

खरंच निघालं ते. समोरच्या मोटेलात उतरलेल्या कोणा परक्याने चर्चच्याच नावाचं खोटं इंटरनेट सोडलं होतं. आर्डिसचं एक अक्षर बाहेर गेलं नाही. पण वरच्या मजल्यावर चर्चचं टपाल बघणाऱ्या लोइसने त्या पानावर भाबडेपणाने सगळं भरून दिलं. तिच्या ईमेलच्या पेटीत प्रार्थनेची यादी होती. त्या मंडळीत कोणी आजारी पडलं की लोइसला कळवायचं, लोइस पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि संध्याकाळपर्यंत सगळे त्या नावाने देवापुढे हात जोडतात. कोणाची किडनी, कोणाचा मुलगा व्यसनात, कोणाच्या सुनेचा गर्भ गेला, सगळं नावानिशी त्या परक्याच्या हाती पडलं. चांगल्या मनाने लिहिलेलं होतं, म्हणूनच सगळं लिहिलेलं होतं.

टिली त्यावर आठवडाभर हसत होती. म्हणे, तुम्हा लुथरन लोकांचं सगळं गळतं, आम्ही कसं पाद्रीच्या कानात सांगतो, पाद्री मेला की विषय संपला. पण हसून झाल्यावर कपात चमचा फिरवत ती म्हणाली होती, "आर्डी, मला काही झालं ना, तर त्या यादीत माझं नाव घालू नकोस. लोक भांडी घेऊन अंगणात रांग लावतील."

आर्डिस म्हणाली, तुला काय होणार आहे? टिली म्हणाली, काही नाही, गुरुवारी दुलुथला जातेय, बूट घ्यायचेत.

तर तो सोमवार. तोडलेली तार जोडून झाली होती आणि आर्डिस पुन्हा घरूनच काम करत होती. खिडकीची उजवी बाजू लोंबत होती, कुलूप हिरवं झालं होतं, आणि दहाच्या सुमाराला आर्डिसने पुढची नोंद उघडली. वर टिलीचं पूर्ण नाव होतं, माटिल्डा प्रिमोझिच. खाली जन्मतारीख. त्या तारखेला दरवर्षी आर्डिसच केक करत असे.

नियम स्पष्ट होता आणि तो तिने एकोणीस वर्षं पाळला होता. ओळखीचं नाव दिसलं की तिथेच बंद करायचं आणि वरिष्ठांकडे, म्हणजे पॅमकडे, परत पाठवायचं. लहान गाव, ओळखीची नावं येणारच. आजवर दहा-बारा वेळा तिने तसं केलं होतं, आपल्या पाद्रीबाईंचं नाव आलं तेव्हासुद्धा. या वेळी तिचा हात माऊसवर होता आणि हात हलला नाही. तिने चार ओळी वाचल्या. गाठ, गाठीचा तुकडा, तपासणी, निदान. निदान वाचल्याबरोबर त्याचा आकडा तिच्या बोटांत आला. बोटांना तो पाठ होता.

मग तिने नोंद बंद केली. परत पाठवताना यंत्र विचारतं, मजकूर वाचला का? दोन चौकोन असतात. आर्डिसने दुसऱ्यावर खूण केली: नाही, नाव दिसताच बंद केला. खूण करून झाल्यावर ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. कुलूप हिरवंच होतं. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती स्वयंपाकघरात गेली, ती काहीतरी खायला म्हणून. आणि तिने तळ्यात उगवणारा काळा तांदूळ शिजत ठेवला. अडीचला वर आल्यावर त्यात कोंबडी, मशरूम, सेलरी घातली, निळ्या भांड्यात भरलं आणि भट्टीत सरकवलं. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. त्या गावात एखाद्या घरी दुःख आहे असं कळल्यावर बायकांचे हात डोक्याची वाट बघत नाहीत. वेन गेला तेव्हा आर्डिसच्या ओट्यावर अशी अकरा भांडी होती, प्रत्येकाच्या बुडाला कागदी पट्टी आणि पट्टीवर घराचं नाव. भट्टीत शिजवलेल्या अशा भांडंभर जेवणाला तिथे हॉटडिश म्हणतात; पाहुण्याला मॅकरोनीची करतात, सहलीला बटाट्याची. काळ्या तांदळाची फक्त आजाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घरी जाते.

तीन वाजून वीस मिनिटांनी ती भांडं दोन हातांत धरून गल्ली ओलांडून गेली.

टिली दारातच होती. "उशीर केलास. कॉफी दोनदा तापवली मी." मग तिची नजर भांड्यावर गेली. "कोण गेलं ग?"

"कोणी नाही."

टिलीने कापड बाजूला केलं, झाकण उचललं. वाफ वर आली. तिने काळा तांदूळ पाहिला, झाकण अगदी हळू परत ठेवलं, आणि खुर्चीवर बसली. आर्डिस भांडं धरून उभीच.

"मी बूट आणायला गेले होते, आर्डी. तुला तसंच सांगितलं होतं मी. बुटांसाठी कोणी काळा तांदूळ आणतं का?"

आर्डिसने भांडं टेबलावर ठेवलं.

"त्या बोगद्यातून आलं ना?"

"नाव समोर आलं. मी बंद केलं."

"कधी बंद केलंस?"

"चार ओळींनंतर."

टिली उठली. आर्डिसच्या कपात ओतलेली कॉफी तिने मोरीत ओतली, कप विसळला, पालथा घातला. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाठमोरीच म्हणाली, "शनिवारी तू अक्रोडाची पोतित्सा लाटायला येणार होतीस. पीठ ताणताना सांगणार होते तुला. म्हणजे दोघींचे हात कामात असते, बघावं लागलं नसतं एकमेकींकडे. मी ठरवून ठेवलं होतं. गाठ माझ्या हातात नाही, डॉक्टर माझ्या हातात नाही. कोणाला कधी सांगायचं एवढंच माझं होतं."

आर्डिस म्हणाली, टिली, मला क्षमा कर. टिली म्हणाली, "भांडं घेऊन जा."

ती भांडं घेऊन आली. फेकायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून मंगळवारी तिने ते खाल्लं, बुधवारी खाल्लं, गुरुवारी खाल्लं. एका माणसाला पुरून उरेल एवढं होतं ते. तीन वाजत. ती मागच्या दाराशी जाऊन उभी राही. टिलीचे पडदे ओढलेले असत. खिडकीचं प्लास्टिक उजवीकडून फडफडे, आणि घरात तोच एक आवाज असे. रोज सकाळी ती प्रार्थनेला बसे, पण टिलीचं नाव देवापुढे घ्यायलाही तिची जीभ अडखळे. ते नाव आपल्याकडे कुठल्या वाटेने आलं ते देवाला ठाऊक होतं.

बुधवारी लोइसचा फोन आला. या आठवड्यात कोणासाठी प्रार्थना हवी आहे का, असं ती दर बुधवारी विचारते. आता यादी ती कागदावरच लिहिते, त्या प्रकरणानंतर. आर्डिसच्या ओठांवर नाव आलं होतं. चाळीस माणसं एकदम हात जोडतील, टिलीसाठी, आज संध्याकाळीच. लोइस म्हणाली, टिली बरी आहे ना, पडदे ओढलेले दिसतात दिवसाही.

"टिलीचं टिलीला विचार, लोइस. माझ्याकडे कोणाचं नाव नाही," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. लोइसला तिने एवढं तुटक कधी उत्तर दिलं नव्हतं.

डॅरेलने पहिल्या दिवशी सांगितलेली एक गोष्ट तिला आठवत होती. तेव्हा तिने ती कानाआड केली होती. तो म्हणाला होता, बोगदा मधल्या वाटेची राखण करतो बाई, दोन्ही टोकांना माणसं बसलेली असतात, त्यांच्यावर माझा इलाज चालत नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला तिने किल्ली खिळ्यावरून काढली, पण आकडे टाईप केले नाहीत. तिने पॅमला फोन लावला. सोमवारच्या नोंदीवर मी खोटी खूण केली आहे, म्हणाली. चार ओळी वाचल्या. आणि वाचलेलं त्या बाईपर्यंत पोचलं, माझ्याकडूनच. कसं पोचलं असं पॅमने विचारलं. आर्डिसने सांगितलं, हॉटडिशमधून. पॅमही त्याच मुलखातली, दुलुथची असली म्हणून काय झालं. तिने तांदूळ का बटाटा एवढंच विचारलं, आणि तांदूळ म्हटल्यावर तिकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

मग पॅम म्हणाली की हे तिला लिहून घ्यावं लागेल आणि वर द्यावं लागेल. आर्डिसचं काम आजपासून थांबेल. चौकशी होईल, पण एकोणीस वर्षांनंतरही तिला पुन्हा कामावर बसवतील असं पॅम सांगू शकत नव्हती. आणि नियमाप्रमाणे ज्या बाईची नोंद होती तिला पत्र जाईल, तुमची माहिती पाहायला नको होती त्या व्यक्तीने पाहिली असं. आर्डिस म्हणाली, जाऊ दे. तिला तेवढं कळायलाच हवं. पॅम म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं, आर्डिस."

"मी तीनला कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक नाही," आर्डिस म्हणाली.

दुपारी डॅरेलचा फोन आला. तो नेहमीसारखा गडबडीत नव्हता. म्हणाला, बाई, आता मी तुमच्या बाजूचं दार बंद करतोय, पडद्याकडे बघा. कोपऱ्यातलं कुलूप तांबडं झालं. मग ते चिन्हच गेलं. डॅरेल म्हणाला, खोका पाठवतो आहे, यंत्र आणि किल्ली त्यात घालून टपालाने परत करा. आणि जाता जाता म्हणाला, "टिलीच्या आईला सांगा, डॅरेलने विचारलं होतं." त्याच्या लेखी ती अजून जिवंत होती.

शनिवार आला. पोतित्साचा, त्या अक्रोड भरलेल्या गोड गुंडाळीचा दिवस. टिलीच्या धुराड्यातून धूर येत होता. ते पीठ टेबलाच्या चारी कडांपर्यंत कागदासारखं ताणावं लागतं, एकटीने ताणलं की फाटतं. आर्डिस मागच्या दाराशी उभी राहून त्या धुराकडे बघत राहिली, मग आत जाऊन तिने आधीच झाडलेली फरशी पुन्हा झाडली. रविवारी ती चर्चमधून सरळ घरी आली, खाली कॉफीला थांबली नाही. सोमवारी साडेसात वाजता ती टेबलाशी जाऊन बसली आणि मग तिला आठवलं.

बुधवारी दुपारी फोन वाजला. आर्डिसने उचलला. पलीकडून कोणी बोललं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता, धरलेला. आर्डिस ठेवणारच होती, तेवढ्यात तारेवर कुकू, कुकू, कुकू असं वाजलं.

आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "तीन वाजले वाटतं, प्रिमोझिचबाई."

मग टिली म्हणाली, "पत्र आलं माझ्याकडे. तुझं नाव नाही त्यात. पण संबंधित व्यक्तीने आपणहून सांगितलं असं लिहिलंय."

"हो."

"काम गेलं?"

"गेलंच समज."

"माझा राग गेलेला नाही, आर्डी."

"ठाऊक आहे मला."

कोकिळेचं लाकडी दार खटकन मिटल्याचा आवाज आला. टिली म्हणाली, "मंगळवारी दुलुथला जायचंय. सकाळी सहाला निघावं लागेल. परत येताना मला गाडी चालवता येणार नाही, म्हणाले."

"मी चालवीन."

"यादीत नाव नाही ना घातलंस?"

"नाही. लोइसने विचारलं होतं. तिला काय सांगू?"

"सांग, बूट लहान झाले, बदलून आणायला गेलो. आणि ती तुझी खिडकी. दहा दिवस बघतेय मी ते प्लास्टिक फडफडताना. डोकं उठतं माझं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. कॉफीला ये असं काही ती म्हणाली नाही.

आर्डिस खिडकीशी गेली. लोंबती कड तिने बोटांनी चौकटीला दाबून धरली. हात काढला तशी ती पुन्हा सुटली. गल्लीपलीकडचे पडदे ओढलेलेच होते, पण एका कडेला हाताएवढी फट होती.

डॅरेलचा खोका सकाळीच आला होता. यंत्र तिने त्यात ठेवलेलं होतं. आता ती दाराशी गेली, खिळ्यावरून राखाडी किल्ली काढली. आकडे अजून बदलतच होते, उघडायला दार नव्हतं तरी. तिने ती कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि वर पट्टी मारली. खिळ्यावर बापाचा बिल्ला एकटा राहिला. तिने कोट चढवला, खोका काखेत घेतला. पोस्ट साडेचारला बंद होतं, त्याआधी तो देऊन यायचा होता.